मांजर हाय का घरान?

"मांजर हाय का घरान?"

कुठल्याही घराच्या उंबऱ्याशी उभं राहून तो पहिलं हे विचारायचा. आम्ही मलेरिया खात्याची, घरोघर फवारा मारणारी माणसं. खरं तर आधी विचारायचं असतं, कोणाला ताप आहे का, थंडी भरते का. ते तो नंतर विचारायचा. आहे म्हटलं की सामान खाली ठेवून स्वतः मांजर शोधायला लागायचा. माळ्यावर, पाटाखाली, भाताच्या कणगीमागे. सापडली की टोपलीखाली झाकून अंगणात ठेवायची, वर दगड. मग घरातल्या बाईला दम.

"भिंती सुकल्याबिगर आत सोडू नको. तिचे पाय भरतील, ती पाय चाटंल, आनी मरंल. मंग मना सांगू नको."

बायका हसायच्या. एकदा एक म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला ताप आहे, त्याचं विचारा की आधी."

"म्हातारा काय पाय चाटतो का?"

मी त्याचा जोडीदार. बादलीतला पंप मी मारायचा, नळी त्याने धरायची. मी चौथी शिकलेला, तो तेवढाही नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही, गावोगाव त्याला मांजरवालाच म्हणायचे. तुम्ही पनवेल-उरणच्या बाजूचे असाल तर तुमच्याही दारात आम्ही कधी येऊन गेलो असू. भिंतीवर पांढरे डाग पाडून गेले म्हणून तुम्ही शिव्याही घातल्या असतील. त्या दोघांतला काळा, एका खांद्याने वाकलेला, तो हा.

गाव त्याचं गव्हाण. लग्न केलेलं नव्हतं. राहायला जुन्या पनवेलात, भाताच्या गिरणीमागच्या आमच्या गल्लीत, आमच्या खोलीला लागून. कामावरून आला की घरात पाय टाकायच्या आधी नळावर अंघोळ करायचा, कपडे तिथेच धुवायचा. थंडीतसुद्धा. पंचा नेसून कुडकुडत उभा. घरात त्याची दोन मांजरं होती, ती अंगावर यायची, अंग चाटायची. अंगावर औषध घेऊन तो त्यांच्याजवळ गेला नाही. मी हात धुऊन जेवायला बसायचो. तो तेवढ्यावर भागवत नसे.

आता आमच्या घरातलं सांगतो.

आमची ही एका सकाळी चहा ठेवायला उठली. लादीवर रक्ताचे ठसे उमटत गेले. ते बघून मलाच म्हणते, "अहो, तुम्हाला कुठं लागलंय का?"

रक्त तिचं होतं. डाव्या पायाचा अंगठा टोकाला कुरतडलेला, आणि तिला पत्ता नाही. साखरेचा आजार तिला बऱ्याच वर्षांचा. पाय बधिर झालेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गिरणीमुळे गल्लीत उंदीर मुबलक. ते माणसाला खातात, हे मात्र माहीत नव्हतं.

डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने गोड करून सांगितलं नाही. "पायाला काही कळत नाही, म्हणून उंदराचं फावलं. ही जखम भरेल. परत झालं तर अंगठा काढावा लागेल. तिथं थांबलं नाही, तर पाय."

 घरी रिक्षातून उतरल्यावर ती दारातच म्हणाली, "पाय काढायची वेळ आली तर त्याआधी मला मरू द्या. मी अर्धी जाणार नाही."

मी बिळांत काचा कोंबल्या, वर सिमेंट लावलं. पिंजरा ठेवला. तिला मोजे घातले, ते कुरतडले. विषाच्या गोळ्या टाकल्या, तर एक उंदीर माळ्यावर मरून सगळं घर घाण मारायला लागलं. बाकीचे होतेच.

कामावर असताना मी हे त्याला सांगितलं. त्याच्या हातातली नळी खाली गेली. औषध जमिनीवर गळत राहिलं.

"वयनींचे पाय सुन्न हायेत?"

"हो."

 रविवारी तो गोणपाट घेऊन आमच्या दारात उभा राहिला. गोणपाट हलत होतं. आतून एक रोडकी, कान फाटलेली मांजर निघाली आणि थेट चुलीमागे गेली.

"वयनी, ही करंज्याच्या बंदरावरची हाय. वाळत घातलेल्या मासलीवर राखनीला व्हती."

"म्हणजे चोर," मी म्हटलं.

"चोर नाय रं. चोर आसती तर जाडी आसती."

ही म्हणाली, "भाऊजी, मी माळकरी. ही घरात मासळी मागेल, मी काय करू?"

"तुमी नका देऊ. मी देईन. उंबऱ्याच्या भायेर."

आणि दिलं त्याने. रोज संध्याकाळी करवंटीत माशाचं डोकं, नाहीतर बोंबलाचा तुकडा, आमच्या मागच्या दाराबाहेर. स्वतःच्या कोरड्यासाला नसलं तरी तिला असायचं. हिच्या पायथ्याला त्याने आपली जुनी घोंगडी घडी करून ठेवली. दिवे लागले की येऊन बसायचा, मांजर उचलून त्या घोंगडीवर ठेवायचा. ती उठून जायची. हा परत आणायचा. "तुला कामाला लावलंय. तुजी ड्युटी हितं हाय," असं तिला चक्क समजावून सांगायचा. काही दिवसांनी ती आपण होऊन तिथे झोपायला लागली. घोंगडीला मासळीचा वास येत होता म्हणून, असं मी म्हणायचो. हा म्हणायचा, समजलं तिला.

त्यानंतर रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची. "वयनी, ड्युटीवर व्हती का?"

"होती हो भाऊजी."

मग तो कामाला निघायचा.

डॉक्टरने बजावलं होतं, मांजराचं नखसुद्धा या पायाला लागू देऊ नका, पाय रोज बघा. तर दर रविवारी हा आमच्या दारात येऊन बसायचा. तोंड रस्त्याकडे. आत बघायचा नाही, परक्या बाईचे पाय. मला सांगायचा, "बघ. तलव्याला बघ. बोटांच्या मधी बघ." मी बघायचो. "नाय ना काय?" नाही म्हटलं की उठून जायचा. चहालाही थांबायचा नाही.

मी फटकळ माणूस. एकदा जेवणाच्या सुट्टीत आंब्याखाली बसलो असताना सरळ विचारलं, "तुला एवढं काय पडलंय रे मांजरांचं?"

त्याने भाकरी मोडली. खाल्ली नाही.

"माज्या आयला रोग व्हता. मोठा रोग, म्हारोग. अंग सुन्न. घरामागं खोपी बांधून दिलेली, तिथं ऱ्हायची. मांजर तिच्या पायाशी झोपायची. मी नवा नवा कामाला लागलेलो. सायबाला दाखवायचं व्हतं, पयलं आपलं घर. खोपीलापन मीच फवारा मारला." भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मांजर मेली. मना काय म्हायती."

"मग?"

"मंग काय. उंदरांना पाय मोकले."

तेवढंच.  भाकरी त्याने परत फडक्यात बांधली.

सुरतेला प्लेग आला त्या वर्षीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. पनवेलातही माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरत होती. आमच्या गल्लीत तर गिरणी, म्हणजे उंदरांचं माहेर. कोपऱ्यावरच्या वाण्याने सगळ्यांना गोळा केलं. घरोघर विषाच्या गोळ्या टाकायच्या ठरलं.

हा पुढे झाला. "पिंजरे लावू. मी बुडवतो उंदीर. गोल्या नको. ते उंदीर मांजरं खातील, मांजरं मरतील, मंग उंदीर आजून वाढतील."

वाणी म्हणाला, "अरे, जन्मभर विष मारत फिरलास, आणि आम्हाला शिकवतोस?"

"म्हनून तं सांगतो."

कोणी ऐकलं नाही. माणसं वाईट नव्हती. घाबरलेली होती. पोराबाळांची घरं. त्या रात्री गल्लीभर गोळ्या पडल्या.

मग त्याने काय केलं, तर पहाटे उठून तोंडाला फडकं बांधायचं, चिमटा आणि पत्र्याचा डबा घ्यायचा, आणि गल्लीतले मेलेले उंदीर वेचायचे. गटारातले, जिन्याखालचे, कौलांवरचे. ज्या दिवसांत मेला उंदीर दिसला की लोक दारं लावून घेत होते, त्या दिवसांत हा वाकून वाकून एकेक डब्यात टाकत होता. खाडीच्या बाजूला खड्डा खणून वर चुना टाकायचा. तोवर आमची मांजर घरात कोंडलेली, दार ओरबाडत ओरडायची. सगळी गल्ली पालथी घालून झाली की आमच्या कडीवर चिमटा वाजवायचा.

"सोडा आता."

नळावर लोक त्याला येऊ देईनात. ही त्याची बादली भरून लांब ठेवायची. एका सकाळी तिला राहवलं नाही. "भाऊजी, बस करा. तुम्हाला काही झालं तर? एका पायासाठी?"

"दोन हायेत, वयनी."

आणि त्याला ताप भरला. गल्ली हादरली. वाणी रस्त्याच्या पलीकडून ओरडून मला सांगत होता, याला दवाखान्यात टाका, आत्ताच्या आत्ता. ही त्याच्या खोलीच्या दारात बसून राहिली, हलेना. मी म्हटलं, तुला आजार आहे, तू लांब हो. माझ्याकडे बघितलंच नाही. मांजर तिच्या मांडीवर.

रक्त तपासायला दिलं. निकाल येईपर्यंत मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. तो गेला असता तर तो हिच्या पायापायी गेला असता, आणि ती त्या पायांनी पुढे कशी चालली असती?

मलेरिया निघाला. साधा मलेरिया. वाण्याने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

चार गोधड्यांखाली तो थडथड उडत होता. दात वाजत असताना मला म्हणाला, "सारा जलम डासांच्या मागं लागलो. त्यांनी माजं घर शोधून काढलं बघ." ही हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

आमची मांजर जगली. गल्लीतली बाकीची बहुतेक गेली. त्याच्या दोन होत्या, त्यातली एक गेली. आमची कोंडलेली होती. त्याच्या मांजरांना त्याने कोंडलं होतं, पण ताप चढला तेव्हा दार उघडं राहिलं.  

नोकरी संपल्यावर तो गव्हाणला भावांकडे गेला. बाजाराला पनवेलला आला की आमच्याकडे यायचाच. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मांजरीचा पुढच्या बाजारापर्यंतचा सुका वाटा; तो रोज करवंटीत मी घालायचो. दारातूनच, "हाय का ड्युटीवर?" मग रस्त्याकडे तोंड करून बसायचा, आणि मी हिचे पाय बघायचो.

एका बाजाराला आला नाही. पुढच्याही नाही. मग त्याचा पुतण्या सांगायला आला. झोपेत गेला होता, दहा दिवस झाले होते.

त्या संध्याकाळी ही कुठे गेली मला कळेना. आली ती पदराखाली पुडी घेऊन. गळ्यात तुळशीची माळ, आणि पुडीत जवळा. मागच्या दाराबाहेर बसून करवंटीत ओतला आणि मांजर खाईपर्यंत बसून राहिली. आयुष्यात तिने मासळीला हात लावला नव्हता. त्यानंतर रोज लावला. माळ काढून जायची की घालून, ते मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. साखरच शेवटी, पण पायातून नाही, मूत्रपिंडातून. दवाखान्यातून घरी आणलं तिला, घरीच राहिली शेवटचे दिवस. मुलगी सासरहून, आपट्याहून, आली होती. शेजारपाजारचे जमले. तिरडीचं बघायला आलेला म्हातारा उंबऱ्याशी थांबला आणि त्याने विचारलं,

"घरात मांजर आहे का?"

मी एकदम वर बघितलं. क्षणभर वाटलं, आला.

म्हातारा म्हणाला, "असली तर बाहेर काढा. मढ्यावरून गेली तर चांगलं नाही."

मांजर पायथ्याशी होती. आता तीही म्हातारी, दात पडलेले, एक डोळा पांढरा. घोंगडीवर अंग मुडपून बसलेली. कोणीतरी तिला उचलायला वाकलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "ड्युटीवर आहे ती."

लोकांना वाटलं, माझं डोकं फिरलं. मुलीला कळलं. ती म्हणाली, राहू द्या.

मग म्हाताऱ्याने पांढरी चिंधी मागितली, पायाचे अंगठे बांधायला. म्हटलं, मी बांधतो. दोन्ही पाय जवळ घेतले. सवयीने तळवे बघितले, बोटांच्या मधे बघितलं. काही नव्हतं. डावा अंगठा टोकाला जरासा तुटका, जुनाच. पण होता. दोन्ही होते. मी ते एकमेकांना बांधले.

अर्धी जाणार नाही म्हणाली होती. नाही गेली.

दाराकडे बघितलं. रस्त्याकडे तोंड करून तिथे कोणी बसलेलं नव्हतं. "नाही काही," मी तरी म्हटलं.