मलेरिया परेड, नार्नूर

नायक गजानन भोयर, सेवानिवृत्त, गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस वारला. नार्नूरबाहेर, त्याच्या शेतातल्या खोलीत, दुपारी. शेजारी सिरिंज पडली होती.

आम्ही एकाच पलटणीत होतो. तो ड्रायव्हर, मी नर्सिंग असिस्टंट. ईशान्येच्या जंगलात पोस्टिंग असताना रोज संध्याकाळी मलेरिया परेड होई. रांगेत फॉल-इन, प्रत्येकाच्या तळहातावर गोळी, वर पाणी, मग तोंड उघडून दाखवायचे. त्या जंगलात असेतोवर गोळी घ्यायची. ती कधी बंद होणार, असे कोणी विचारत नसे.

तिथेच पावसाळ्यात त्याची गाडी घसरून दरीत गेली. मी खाली पोहोचलो आणि रेडिओवर कळवले.

"अल्फा, वन कॅज्युअल्टी. ड्रायव्हर. पाठीचा कणा. ओव्हर."

"बाकी दोघे? ओव्हर."

"सुरक्षित. त्याने त्यांना उडी मारायला लावली. स्वतः ब्रेकवर राहिला. ओव्हर."

पाठीसाठी हॉस्पिटलात अफूवर्गातली इंजेक्शने सुरू झाली. घरी आल्यावर तो ती बाहेरून घेऊ लागला. दुखणे कमी झाले तरी सुई सुटली नाही. ती चुकली की घाम, उलट्या, अंगात कळा. दोनदा त्याने मनाच्या जोरावर सोडून पाहिली. दोन्ही वेळा परत सुरू झाली.

मी त्याला आदिलाबादला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीण बाई तेलुगू. त्यांनी जिभेखाली विरघळवायची गोळी दिली. ती घेतली की सुईची ओढ थांबते.

"कितने दिन, मॅडम?" गजाननने विचारले.

"जब तक ज़रूरत है. सालों भी. बंद करना हो तो मुझसे पूछकर, धीरे-धीरे."

त्यांनी एक धोका स्पष्ट सांगितला. गोळी अचानक सोडली तर शरीराची सवय मोडते. मग जुन्या मात्रेची सुई घेतली तर श्वास बंद पडतो.

बाहेर आल्यावर गजानन मला म्हणाला, "म्हंजे मलेरिया परेडच हाय, डॉक्टर." पलटणीत मला सगळे डॉक्टरच म्हणत.

परेड नार्नूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी सुरू झाली. सकाळी सात. फॉल-इन निवृत्त सुभेदार जाधव देत. गोळी विरघळेपर्यंत गजाननला बोलता येत नसे. तेवढ्यात टपरीवरचे बाकीचे माजी सैनिक आपले काम उरकून घेत.

"काल पत्त्यात कोन हारलं बे? बोल ना, भोयर! पाहा, गडी कबूल करून राह्यला."

तो फक्त बोट दाखवून दम देई. तोंड मोकळे झाले की सगळ्यांचा हिशेब चुकता करी. दोन वर्षे असे चालले. तो भाजीचा टेम्पो चालवू लागला.

गेल्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी माजी सैनिकांनी त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मागे 'व्यसनमुक्त' असा बॅनर. सुभेदार माइकवर म्हणाले, "आता भोयरला गोळीचीही गरज नाही." टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी तो परेडला आला नाही. मी घरी गेलो.

"काऊन नाई आला?"

"टाळ्या वाजल्या ना, डॉक्टर. आता गोळी घ्याले कोन्या तोंडानं येऊ?"

"बाईंनं बंद कर म्हनलं का?"

"नाई. सुभेदार सायबानं म्हनलं."

मी सुभेदारांना गाठून धोका सांगितला. ते त्याच दिवशी त्याच्या दारात गेले.

"भोयर, माझं चुकलं. उद्या फॉल-इन. हुकूम आहे."

"पेन्शनीत हुकूम नसते, सायब."

आम्ही जात राहिलो. तो तारखा पुढे ढकलत राहिला. शेवटी सोमवारी दवाखान्यात जायचे कबूल केले. त्याआधीच्या शनिवारीच तो वारला. त्याची बायको सुनंदा हिने गोळ्यांची पाकिटे आणून दाखवली. सत्कारानंतरची एकही उघडलेली नव्हती.

तेराव्याला लान्स नायक राठोड, पलटणीतलाच, सुभेदारांना बाजूला घेऊन म्हणाला, "सायब, मले बी सुई लागते." सुभेदार त्याला स्वतः आदिलाबादला घेऊन गेले.

यंदा प्रजासत्ताक दिनी सत्कार झाला नाही. सुभेदारांनी पलटणीतल्या शहिदांची नावे वाचली. शेवटी म्हणाले, "नायक गजानन भोयर."

मागून कोणीतरी बोलले, "हा तं लढाईत नाई गेला."

"ड्युटीवर जखमी झाला. त्याच जखमेनं गेला," सुभेदार म्हणाले. "सावधान."

सगळे उभे राहिले. सुनंदा पहिल्या रांगेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्टँडवर फॉल-इन झाला. राठोड हजर होता.