कोपरातली नस

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं. चहाचा कप दोनदा हातातून पडला, त्याचं मला काही नाही. पण पाग म्हणजे फेकायचं जाळं, ते टाकताना या दोन बोटांतच धरावं लागतं. कोलशेतच्या खाडीत पन्नास वर्षं पाग फेकला, तो आता जाणार, ही भीती होती.

डॉक्टर म्हणाले, कोपरात नस अडकली आहे. तीन आठवडे व्यायाम करा, नाहीतर ऑपरेशन.

माजिवड्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी माझ्या नातीएवढी. तिने दाखवलं. कोपर वाकवलं की मनगट आत सैल सोडायचं, कोपर सरळ केलं की मनगट मागे न्यायचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, आजोबा. हळू. दहा वेळा. मुंग्या आल्या की थांबायचं."

मी चौथी नापास, पण काम कसं करतात ते मला कोणी शिकवायला नको. मिठागरात फावडं ओढलेला माणूस मी. दहाने काय होतंय? मी रोज शंभर करायला लागलो, तेही कोपर वाकवलेलं ठेवूनच मनगट मागे ताणून, म्हणजे जास्त ओढ बसेल. मुंग्या आल्या की वाटायचं, लागू पडतंय. बायको म्हणाली, "ती पोर दहा म्हणाली ना?" मी म्हटलं, तू भात बघ.

दोन आठवड्यांत तिसरं बोटही बधिर व्हायला लागलं.

एका संध्याकाळी धाकट्या भावाबरोबर खाडीवर गेलो. पाग त्यानेच फेकला. जाळं खाली कुठल्या तरी खुंटाला अडकलं आणि भाऊ लागला खेचायला.

"खेचू नको, फाटेल," मी ओरडलो. "दोरी ढील सोड. आता त्या अंगाला जा, तिकडून हळू घे. दोन्हीकडून ताण देऊ नको."

जाळं सुटलं. भाऊ चिखलात उभा राहून हसला.

"दादूस, जाल्याला इतकी माया. वहिनी सांगत होती, हाताला रोज शंभर वेला खेचतंस."

मी जाळं गोळा करून खांद्यावर टाकलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. एका टोकाला ढील, दुसऱ्या टोकाला हळू ओढ. पोरगी अगदी हेच सांगत होती आणि मी दोन्हीकडून खेचत होतो. नस तरी कशी सुटणार? त्या रात्री व्यायाम केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही, तेव्हाही मागितली नाही. फक्त आकडा सांगितला, रोज शंभर. पोरीने कपाळाला हात लावला, मग खुर्ची पुढे ओढली.

"बसा. पाच दिवस काहीच नाही. नंतर पाच-पाच वेळा, माझ्यासमोर."

मी बाही खाली केली आणि पाच दिवसांनंतरची वेळ लिहून घ्यायला लावली.