फिट नव्हती, झोप होती

"चप्पल लावा नाकाला! अरे कांदा आणा कुणीतरी, पोराला फिट आली!"

हे ओरडणारे आमच्या केमिस्ट्री लॅबचे शिपाईमामा. आवाज असा, की तिकडं हर्सूलच्या जेलात कैदी हजेरीला उभे राहिले असतील. मी फरशीवर आडवा. कपाळाला खोक. भोवती ब्युरेटच्या काचा. ब्युरेट म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायची लांब नळी. आणि नाकाला मामांची चप्पल, जी त्यांनी स्वतःच्या लग्नात घेतली असावी. त्या वासानं मढं उठून पळालं असतं. मी उठलो नाही. यावरून आजार किती पुढं गेला होता ते ओळखा.

फिट म्हणजे मिरगी. मामांचं हे निदान दुपारच्या एसटीनं आमच्या गावी, देवगाव रंगारीला पोचलं आणि वाटेत चांगलंच वाढलं. आमच्या घरात शिरेपर्यंत माझं तोंड वाकडं झालं होतं, जीभ तुटली होती आणि मी फक्त इंग्रजीत बोलत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, रूमवर हजर.

"मिरगी निघाली तर शिक्षण पुरं," अण्णा म्हणाले. "गावाकडं चलायचं. हितं रस्त्यात पडलास तर कोण हाय तुला?"

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा दीड महिन्यावर. मला मिरगी नाही हे मला ठाऊक होतं. का पडलो तेही ठाऊक होतं. पण ते अण्णांसमोर बोलायची सोय नव्हती.

त्याचं असं आहे. गावाकडचं कुणी जास्त आजारी पडलं की शहराच्या सरकारी दवाखान्यात यायचं. पेशंटजवळ थांबायला माणूस लागतो. आणि मी शहरात शिकायला आल्यापासून अण्णा चावडीवर, पिठाच्या गिरणीवर, लग्नाच्या मांडवात, जिथं माणूस दिसेल तिथं सांगायचे, "काळजी कशाला करता? आपला भान्या हाय की तिथं."

मग काय. भान्यानं केसपेपर काढायचा, भान्यानं रक्त तपासायला न्यायचं, नातेवाईक दमून गेले की भान्यानं पेशंटशेजारी बसायचं. पहिला आला शेजारच्या काकांचा हर्निया. दोन वर्षांत गावातले सगळे मुतखडे माझ्या डोळ्यांदेखत पडले. नवे डॉक्टर मला विचारायचे, सलाईनचा स्टँड कुठं ठेवलाय. एकदा तर एका पेशंटनं मला नमस्कार करून पोटातलं दुखणं सांगितलं, आणि मी त्याला पथ्यही सांगितलं. त्याला गुण आला म्हणतात.

सगळ्यात अवघड काम सलाईनचं. बाटली संपत आली की सिस्टरला सांगायचं. म्हणून डोळा लागू द्यायचा नाही. थेंबाकडं बघत बसायचं. थेंब. थेंब. थेंब. सकाळी तोंड धुऊन तसंच कॉलेज.

दुखणं एकदम येत नाही. आधी डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं. मग चहात मीठ पडायला लागलं, आणि ते मला कळेना. पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी रांगेत चालायची. मी वाट देऊन बाजूला व्हायचो. उघड्या डोळ्यांनी झोपून 'यस सर' म्हणायची विद्या मी साध्य केली होती. मित्र हसायचे. मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर मला कशातच काही वाटेनासं झालं होतं. भूक नाही, राग नाही. अंगावर कुणीतरी ओली गोधडी टाकून गेलंय असं दिवसभर.

सुट्टीच्या दिवशी झोप भरून काढू म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी गावाकडची माणसं जास्त यायची.

तर अण्णा, मी आणि माझा रूम पार्टनर आणि लॅबमधला जोडीदार शफीक, पैठणचा, असे तिघं डॉक्टरबाईंसमोर बसलो. बाईंनी पहिलंच विचारलं, "झोप किती घेतोस?"

माझ्याआधी अण्णाच बोलले, "झोपतोय की बक्कळ. रूमवर दुसरं काम काय त्याला?"

शफीकनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. मी काय बोलणार होतो? अण्णा, तुम्ही गावभर वाटलेला शब्द माझ्या डोळ्यांतून वसूल होतोय, असं? चारचौघांत बापाला मान खाली घालायला लावायची त्यापेक्षा मिरगी बरी, असं तेव्हा खरंच वाटलं. माणूस जागून जागून असाच विचार करतो.

बाईंनी ईईजी लिहून दिला. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली वीज कागदावर उतरवायची. आणि वर म्हणाल्या, "आदल्या रात्री अजिबात झोपायचं नाही. जागरणानं दोष असला तर लवकर दिसतो."

मी हसायला लागलो. ते हसू थांबेना. मग डोळ्यातून पाणी यायला लागलं, तेही थांबेना. अण्णांना वाटलं, पुन्हा फिट. त्यांचा हात चपलेकडं गेला.

तपासणीच्या दिवशी तिसरी तार लागेपर्यंत मी जागा होतो. पुढचं मला ठाऊक नाही. तोंडावर दिवा उघडझाप करतात म्हणे, मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लावतात म्हणे. मला दोघांनी उचलून बाहेरच्या बाकावर ठेवलं, मी तिथंही झोपलो. माझ्या घोरण्यानं शेजारच्या एक्स-रे मशीनमधले फोटो हलले, अशी त्या खात्यात अजून आठवण काढतात.

पुढं आत जे झालं ते शफीकनं मला सांगितलं. आणि शफीक माझ्यासारखा नाही, तो खरं बोलतो.

बाईंनी आलेख बघितला. "मेंदूत काही दोष नाही. मग हा पडला कसा? पडायच्या आधी काही बोलला का?"

शफीकनं अण्णांकडं बघितलं. आता पाय दाबायला मी नव्हतो. "मॅडम, ब्युरेटमधून थेंब पडत होते, हा बघत बसला होता. थेंब बंद झाले तसा जोरात ओरडला, सिस्टर, सलाईन संपली. और धडाम."

"कुणाची सलाईन?"

मग शफीकनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. हर्नियावाले काका, मुतखडे, विहिरीत पडलेला पाटलांचा जावई. दोन्ही हातांची बोटं संपली. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

"स्लीप डेप्रिव्हेशन," बाई म्हणाल्या. "झोपेची उपासमार. डोळे उघडे असले तरी मेंदू मधूनच आपलं दार लावून घेतो. याला गोळी नाही. रोज सात-आठ तास, सलग, ठरल्या वेळेला. तो वाहन चालवत असता तर आज आपण वेगळं बोलत असतो."

शहरात रूम करून राहणाऱ्या पोरांनो, एवढ्यासाठीच हे लिहिलं. डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा, शेजारी बाप बसला असला तरी. मी सांगू शकलो नाही. शफीकनं सांगितलं, त्याचे उपकार आहेत. बाईंचे आहेत. मामांच्या चपलेचेही आहेत, पण जरा लांबून.

अण्णा त्या दिवशी गावाकडं गेले नाहीत. रूमच्या दारात पोतं टाकून बसून राहिले. तिसऱ्या दुपारी गावाकडचे आमचे तुकाराम तात्या जिना चढत, खालूनच ओरडत आले.

"अण्णा! भान्या कुठाय? म्हातारीला भरती केलंय, जवळ थांबायला माणूस पाहिजे!"

मी गोधडीतून अर्धवट उठलो. पायात चपला सरकवल्याचा आवाज आला.

"त्यो झोपलाय," अण्णा म्हणाले. "चल, मी येतो."