कोशिंबिरीचा एक चमचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आमच्या सिस्टरना तर नाहीच. आणि आता सांगते आहे म्हणून लगेच चेहरा मऊ करू नका. कुणी पाठीवरून हात फिरवावा यासाठी मी हे लिहीत नाही. मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे — तसलं काही मला आवडत नाही.

ओळखत नसाल तर सांगते. साताऱ्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. घर हिंदू, पण चॅपलमधली फुलं कधी बदलायची हे सिस्टरांच्या आधी मला आठवतं. सहलीची यादी माझी, गॅदरिंगची यादी माझी, कुठल्या मुलाला चष्मा लागलाय आणि तो दप्तरातच ठेवतोय ही यादीसुद्धा माझी. लोक हसतात. हसू देत. गडबड झाली की सगळे माझ्याकडेच येतात की नाही?

दर शुक्रवारी माझ्या वर्गाचा कागद घरी जातो. पुढच्या आठवड्यात काय शिकणार, कुठली कविता पाठ करायची, सोबत काय आणायचं. खाली डब्याची सूचना. ती सूचना इरामुळे सुरू झाली.

इरा माझ्या दुसरीच्या वर्गात आली ती बंगळुरूहून. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात बदलून आलेले. आईचं नाव अनुजा. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातात एक निळा डबा दिला. आत इंजेक्शनचं पेन, औषधाची बाटली, डॉक्टरांचा नंबर. "टीचर, प्लीज, कुलपात नको हं. हाताशी ठेवा. शेंगदाण्याचा कणसुद्धा पोटात गेला तर तिचा श्वास अडकतो."

मी डबा माझ्या खणात ठेवला. पेन कसं टोचायचं ते तिच्याकडून दोनदा करवून घेतलं. त्यात माझी कसूर नव्हती. मी कामात कसूर करत नाही — आणि म्हणूनच पुढचं जे आहे त्याला चूक म्हणता येत नाही.

स्टाफरूममध्ये मात्र मी म्हणाले, "शेंगदाणा सोसत नाही म्हणे! मग साताऱ्यात राहून खाणार काय, हवा?" सगळ्या हसल्या. मला बरं वाटलं.

का बरं वाटलं? कारण मी चिडले होते. वाढदिवसाची चिक्की बंद, राजगिऱ्याचे लाडू बंद, दर रविवारी अनुजाचे लांबलचक मेसेज, आणि सिस्टर मला — मला! — सांगणार की टीचर, जरा जास्त लक्ष द्या. माझ्या वर्गात दुसरं कुणी लक्ष घालायला लागलं की माझं डोकं फिरतं. अजूनही फिरतं.

तर सूचना. मी लिहिलं, 'डब्यात शेंगदाणे आणू नयेत.' आणि कुणी आणले नाहीत. खारे दाणे नाहीत, लाडू नाहीत, चिक्की नाही. पण कूट? वांग्यात कूट, भेंडीत कूट, खिचडीत कूट, काकडीत कूट. आपल्याकडे कूट म्हणजे शेंगदाणे असं कुणाच्या मनातच येत नाही. मीठ-मसाल्यासारखं ते डब्यात भरून ओट्यावरच असतं. वर्गात डबे उघडले की माझ्या नाकाला कळायचं. बाकी कुणाला कळत नव्हतं. सूचनेत 'कूट' हा शब्द वाढवायला किती वेळ लागला असता? मी तो वाढवला नाही. विसरले नव्हते. बघत होते.

दिवाळी गेली, नाताळचं गॅदरिंग झालं, इराच्या शेजारी रोज कुटाच्या भाज्यांचे डबे उघडत होते आणि पोरगी ठणठणीत. मी मनात ठरवून टाकलं — हे सगळं आईचं खूळ आहे. ती पोरगी दुसऱ्याच्या डब्याला कधी बोटसुद्धा लावत नव्हती, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मला ते हिशेबात धरायचं नव्हतं.

त्या आठवड्याचा विषय होता चव. गूळ, लिंबू, मीठ, मेथीदाणे — मुलांनी डोळे मिटून ओळखायचं. वर्गात नुसता दंगा. मेथीला सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, लिंबाला इरा एकटी खिदळत होती. मग डब्याची सुट्टी झाली. आमच्याकडे टीचरनं वर्गातच मुलांबरोबर जेवायची पद्धत आहे. माझ्या डब्यात पोळी-भाजी आणि काकडीची कोशिंबीर होती. इरा टेबलापाशी आली. "टीचर, मला अजून आंबट हवंय. ते आंबट आहे?"

मी म्हणाले, आहे.

तिनं हात पुढे केला. मग मागे घेतला. आईनं शिकवलं होतं तसं, एकेक शब्द नीट म्हणत विचारलं, "ह्यात दाणे आहेत का?"

मी म्हणाले, "नाही."

हे आहे ते. इतकंच आहे. कोशिंबीर मी सकाळी स्वतःच्या हातानं केली होती. कूट मी घातलं होतं. आणि कूट म्हणजे काही दाणे नव्हेत, टीचरच्या मनात तसं आलंच नसेल, असं म्हणून कुणी मला वाचवायला येऊ नका. कूट म्हणजे दाणे. मला माहीत होतं. सात वर्षांच्या मुलीनं बरोबर प्रश्न विचारला, बरोबर माणसाला विचारला, आणि मी तिच्याशी खोटं बोलले. का? मला खरी ठरायचं होतं. एक चमचा तिच्या तळहातावर ठेवला आणि मी तिच्याकडे बघत बसले.

आधी ओठ. मग ती मान खाजवायला लागली. मग खोकला — आणि त्या खोकल्यात मध्येच हवा संपल्यासारखा आवाज. मी खण उघडला, पेन काढलं, तिच्या मांडीत टोचलं आणि सिस्टरना हाक मारली. गाडीत ती माझ्या मांडीवर होती. ती माझ्या बोटाला धरून होती. माझ्याच.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, पेन वेळेवर दिलंत म्हणून. अनुजा माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला थोपटलं.

शाळेत परत आल्यावर मी सगळ्यात आधी माझा डबा घासला. घरी नेऊन नाही — शाळेच्या नळावर, साबण लावून, झाकणाच्या खाचेत नखानं. मग सिस्टरांकडे गेले आणि स्वतःहून सांगितलं, "मी तिला थोडी कोशिंबीर दिली होती, पण बिनकुटाची." खरं आणि खोटं असं एका वाक्यात बसवलं की खोटं पचतं. इरानंही दवाखान्यात तेच सांगितलं — टीचरनी दिलं, पण टीचर म्हणाल्या दाणे नाहीत. तिचा माझ्यावर विश्वास होता. तोच माझा पुरावा झाला.

मग आलं कुठून? सिस्टरांनी आसपासचे डबे बघितले. इराच्या बाकावर सानिका बसायची. बारीक, बडबडी, सगळ्यांना सगळं वाटत फिरणारी. तिच्या डब्यात वांगं होतं. कुटाचं.

सानिका म्हणाली, मी नाही दिलं. सिस्टर डब्यांची झाकणं लावायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, लहान आहे, सोडून देऊ. मी सोडलं नाही. मी तिच्यासमोर खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "नीट आठव, सानिका. तू तर सगळ्यांना देतेस ना? खरं बोललीस तर कुणी रागवणार नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या चेहऱ्यावर जे हवं होतं ते तिनं वाचलं. मुलं वाचतात. मीच शिकवते त्यांना वाचायला.

"दिलं असेल," ती म्हणाली.

चमच्याबद्दल माझी झोप कधी उडाली नाही, हे तुम्हाला ऐकायला वाईट वाटेल. इरा वाचली होती. पण 'दिलं असेल' —

दुसऱ्या दिवशी सानिकाच्या आईला, संगीताताईंना बोलावलं. पॅकिंगच्या कामावरून तशाच आल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला. "आवं सिस्टर, दाणं कुठं घातलं म्या? कूट घातलंय नुसतं, वांग्यात घालत्यात तेवढं." ऑफिसातला क्लार्क फिस्सकन हसला. इराचे वडील हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या त्या नुसत्या कुटानं माझी मुलगी गेली असती, बाई."

संगीताताईंचं तोंड उतरलं. पण त्या बोलल्या. "पर माझी पोरगी घरी सारखी म्हनत हुती, म्या दिलंच न्हाई. हितं आल्यावर कशी काय दिलं म्हनली? खोटं न्हाई वो बोलत ती."

त्याला उत्तर मी दिलं. "मुलं घाबरतात, ताई. घरी मार बसेल म्हणून लपवतात."

"म्या हात न्हाई लावत तिला," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. इराला विचारावं, असंही कुणाला वाटलं नाही. वर्ष संपल्यावर त्यांनी सानिकाला शाळेतून काढलं आणि माहेरी, सांगलीकडे नेलं.

आणि मी? मी सूचनेत 'कूट' हा शब्द घातला. तेल, चटणी, लाडू, खिचडी — सगळं घातलं. निळे डबे सगळ्या मजल्यांवर ठेवले, शिपायांपासून सिस्टरांपर्यंत सगळ्यांना पेन शिकवलं. आसपासच्या शाळा माझे कागद मागून नेतात. त्या नियमांमुळे पाचगणीच्या एका हॉस्टेलमधला मुलगा वाचला, असं तिथल्या टीचरनी मला सांगितलं. हे नियम चांगले आहेत. ही बाई अशी निघाली, मग तिचे नियम तरी कशाला पाळायचे, असं कुणी म्हणणार असेल तर ते मी चालू देणार नाही. कूट लिहा. पेन हाताशी ठेवा. मूल विचारेल तेव्हा खरं सांगा. हे सांगायला मी लायक नसेन, सांगणारच.

पण प्रत्येक शाळेत बोलताना मी एक उदाहरण द्यायचे. एका मुलीनं मैत्रिणीला प्रेमानं एक घास दिला आणि काय झालं बघा. नाव घ्यायचे नाही. त्या जागी खोली एकदम शांत व्हायची. मला ती शांतता आवडायची.

गेल्या दिवाळीनंतर सांगलीतल्या एका शाळेत बोलावलं होतं. शिक्षक होते, पालक होते. उदाहरण दिलं. खोली शांत झाली. चहाच्या वेळी एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"वळखलं का मॅडम? संगीता. सानिकाची आई. धाकटा हाय हितं पहिलीत."

मी हातातलं बिस्किट तसंच धरून राहिले.

"तुमी सांगितली ती आमच्या सानिकाचीच गोष्ट न्हवं?" रागानं नाही, जुनी ओळख निघाल्यासारखं विचारलं. "नववीत हाय आता. लय हुशार. पर कुनाला कायबी वाढत न्हाई बगा. पावनं आलं तरी म्हनती, आई, तू वाढ, माझ्या हातनं काय व्हायला नको. आन् आता तर मलाच सांगती — आई, मीच दिलंवतं, मला आठवतंय. वांगं हुतं, म्या चतकुरात गुंडाळून दिलं."

मग त्यांनी माझा हात धरला. "तुमी हुता म्हनून ती पोरगी वाचली, मॅडम. न्हाईतर माझ्या लेकीच्या माथी काय आलं असतं."

मी म्हणाले, "काळजी घ्या." आणि बिस्किट खाल्लं. हो, खाल्लं. कराड येईपर्यंत गाडीत मी पुढच्या आठवड्याचा कागद लिहीत होते. पुढे लिहिता आलं नाही.

न घडलेला घास तिला आठवतोय. चतकुरासकट. आठ-नऊ महिने मी तिला वाचायला शिकवलं आणि एका दुपारी हे शिकवलं.

आमच्या चॅपलमध्ये एक लाकडी कोपरा आहे. लोक तिथे गुडघे टेकून आपली पापं सांगतात आणि हलके होऊन बाहेर येतात. त्यांचं त्यांच्यापाशी. मला हलकं व्हायचं नाही. मी लहान होते, परिस्थिती तशी होती, नोकरीचा प्रश्न होता — यातलं काहीही खरं नाही. मी मोठी होते, माझी नोकरी पक्की होती आणि मला सगळं माहीत होतं. हे वाचल्यावर सिस्टर काय करायचं ते करतील. अनुजाला कळेल, तिनं पोलिसांत जायचं तर जावं. निळ्या डब्यांचं काम कुणाकडे द्यायचं ते मी ठरवून ठेवलंय.

उद्या सकाळच्या एसटीनं मी सांगलीला जाते आहे. सानिका शाळेतून यायच्या वेळी पोहोचेन. दारातच उभी राहणार. संगीताताई आत या म्हणाल्या तरी जाणार नाही, कारण आत गेलं की पाणी येतं, चहा येतो आणि मी पुन्हा काहीतरी खाऊन गप्प बसेन. आईला नाही, आधी मुलीला सांगायचं आहे. तिच्या आईसमोर, शेजारणी दारात आल्या तर त्यांच्यासमोर. जितक्या स्पष्ट आवाजात मी तेव्हा 'नाही' म्हणाले होते, तितक्याच स्पष्ट.

सानिका, तू घास दिला नव्हतास. मी दिला होता.