पिवळी पिशवी की निळी

तुम्ही दोघं डिसेंबरात आलात ते कोयना धरणाच्या पाण्यात तीन दिवस कॅनू वल्हवायची हे ठरवूनच. पाठीवर घ्यायच्या दोन वॉटरप्रूफ पिशव्या तुम्ही आधीच सांगलीला माझ्या पत्त्यावर मागवल्या होत्या. "आजी, टिकाऊ कुठली ते तू बघून ठेव," दादा फोनवर म्हणाला होता. त्या पिशवीत धाकटे, तुझं इन्सुलिन जाणार होतं, साखर मोजायचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्याही. पट्टी दमट झाली की आकडा चुकतो, आणि चुकीच्या आकड्यावर सुई टोचली तर काय होऊ शकतं हे तुझ्या आईनं मला नीट समजावून सांगितलं होतं. त्यामुळे पिशव्या आल्यापासून माझं कशातच लक्ष लागेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही विसरत होते.

निळी दिसायला देखणी. मोठी चेन, आत कप्पेच कप्पे. मला अर्थातच आवडली. पिवळीला एकही कप्पा नाही. तिचं तोंड गुंडाळायचं आणि दोन टोकांना बक्कल लावायचं, बस. मी दोन्हींत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या, परसातल्या हौदात बुडवल्या आणि वर एकेक वीट ठेवली. तासाभरात सहा वेळा जाऊन बघितलं असेल. दोन्ही कागद कोरडे निघाले. निळीला मी जवळजवळ पास केलं होतं.

शेजारचे सुभेदार कुंपणावरून हे सगळं बघत होते. पेन्शनीत आल्यापासून त्यांना दुसऱ्याच्या परसात बघायला भरपूर वेळ असतो.

"आवं बाई, हौदातलं पाणी गप बसलंय. धरणातलं बसंल व्हय? वाऱ्यानं लाटा उठत्यात तिथं."

"मग काय करू?"

"नदीवर चला. आमी पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधायचो. म्हातारा पयला तो पाण्यात दाबून धरायचा. बुडबुडा आला की भोपळा बाद."

घाटावर आम्ही दोन्ही पिशव्यांत ज्वारीच्या पुरचुंड्या आणि कागद भरले. सुभेदारांनी त्या पायऱ्यांवरून फरफटत नेल्या, तेव्हा माझ्याच पाठीला खरचटल्यासारखं झालं. मग गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी निळी दाबली. चेनीच्या टोकाशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली.

"ही बाद," ते म्हणाले. पिवळी दाबली. एकही बुडबुडा नाही. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, बराच वेळ. वर आणून उघडली, तर कागदाची वरची कड चिंब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही निघणार होता. तिसरी पिशवी कुठून आणायची? मी म्हटलं, "दोन्ही फसव्या. मुलांना जाऊच देत नाही."

सुभेदार पिशवीचं तोंड उलटं करून बघत होते. त्यांनी आतून माझा पांढरा सुती रुमाल ओढून काढला. "ह्यो कुणी घातला?"

मीच घातला होता. लोणच्याच्या बरणीला आपण फडक्याचा दादरा बांधतो ना, तसा. गुंडाळीत फडकं असलं की तोंड घट्ट बसेल, असं मला वाटलं होतं. तोंड गुंडाळायच्या घाईत एक टोक बाहेर राहिलं होतं.

"बाई, पिशवीला कशाला नावं ठेवताय? तुमी दिव्याला लावावी तशी वात लावलीया. पाणी वढून घेतलंय तिनं."

रुमाल काढून, तीन वेढे घालून पुन्हा बुडवली. कागद कुरकुरीत कोरडा निघाला. तरी मी त्यांना आणखी दोनदा बुडवायला लावली. "फौजेत बी येवढी तपासणी न्हवती," ते म्हणाले आणि धोतराचा सोगा पिळत घरी गेले.

तुम्ही पिवळी घेऊन गेलात. तिकडे फोन लागत नाही हे ठाऊक असून मी लावत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दारात उभे होता, नाकं उन्हानं सोललेली. मी आधी पिशवी उघडली. आत पट्ट्यांची एकच डबी होती. मी दोन दिल्या होत्या.

दादा हसला. "हिनं एक खिशात ठेवली होती, आजी. दर वेळी कोण ते वेढे सोडणार? पहिल्याच दिवशी लाट आली, सगळ्या भिजल्या. मग आतली काढली."

मी पिशवीची परीक्षा पाण्याकडून करून घेतली होती. दिवसातून पाच वेळा ती पिशवी ज्या हातांना उघडायची होती, त्यांना विचारलंच नव्हतं.

"ओल्या पट्टीवर मोजलंस का?" मी विचारलं.

धाकटे, तू बुटाची नाडी सोडायला वाकलीस. "एकदाच. आकडा विचित्र आला, म्हणून सुई घेतली नाही."

मी तुला बूटही काढू दिले नाहीत. उंबऱ्यातच बोट पुढे करायला लावलं. आकडा ठीक होता. मी दुसरी पट्टी काढली आणि म्हटलं, "आता दुसऱ्या बोटाचा."