केतन उपाध्येची सुनावणी

हे काम मला का दिलं, ते कर्नलने लपवलं नाही.

"सोहोनी, नाव तुमच्याकडचं दिसतंय. माझी तर जीभच वळत नाही. तुम्हीच बघा."

टेक्सासमधल्या एका मोठ्या तळावर मी तेव्हा ट्रान्सपोर्टचा कॅप्टन होतो. जन्म नाशिकचा. बाराव्या वर्षी आईबाबांबरोबर मिशिगनमध्ये, ट्रॉयला आलो. बाबा गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करायचे. कॉलेजची फी आर्मी भरत होती म्हणून मी आर्मीत गेलो आणि पुढे काम आवडलं म्हणून राहिलो. देशभक्तीबद्दल मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बोलतो, कारण तिथे तेच ऐकायला बोलावतात.

कर्नलने माझ्यापुढे सरकवलेली फाइल स्पेशलिस्ट, म्हणजे साध्या शिपायाच्या एक पायरी वरचा, केतन उपाध्ये याची होती. वय चोवीस. त्याला सैन्यातून मोकळं व्हायचं होतं. कारण एकच होतं, माणूस मारणं त्याच्या मनाला पटेनासं झालं होतं.

सिव्हिलियन लोकांना हे सहसा ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. अमेरिकन सैनिकाला असा अर्ज करायचा हक्क आहे. अशा सैनिकाला आम्ही ऑब्जेक्टर म्हणतो. आधी चॅप्लिन, म्हणजे सैन्यातला धर्मगुरू, त्याच्याशी बोलतो. मग मानसोपचारतज्ज्ञ. मग त्याच्या युनिटबाहेरचा एक ऑफिसर सुनावणी घेतो आणि हा माणूस खरं बोलतोय की नाही, ते वर कळवतो. अट अशी, की नकार सगळ्याच युद्धांना असला पाहिजे. हे युद्ध नको पण ते चालेल, असं म्हटलं की अर्ज तिथेच संपला. आणि आपण खरं बोलतोय हे सिद्ध करायचं ओझं अर्जदाराच्याच डोक्यावर.

सक्तीची भरती या देशात बंद होऊन जमाना झाला. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचं नाव सरकारदरबारी नोंदवावं लागतं, आपल्या इथल्या मराठी घरांतल्या पोरांचंही, पण पुढे कुणाला बोलावत नाहीत. येतात ते आपखुशीने सही करून येतात. त्यामुळे ऑब्जेक्टर म्हटला की मेसमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, सही करताना झोपला होतास का? एकोणिसाव्या वर्षी केलेल्या सहीने माणसाचं मन कायमचं गहाण पडतं असं मानणारे लोक रोज सकाळी स्वातंत्र्याच्या झेंड्याला सॅल्यूट ठोकतात. मीही ठोकायचो.

केतन पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आला तो वेळेच्या आधी पाच मिनिटं. उंच, रुंद खांद्यांचा, युनिफॉर्म नीटनेटका. टेक्सासमधल्याच प्लेनोत जन्मलेला. मराठी सगळं कळायचं, बोलायचा इंग्रजीत.

"नेमबाजीत तू कंपनीत पहिला आहेस."

"येस सर."

"मग?"

त्याने सांगितलं. नेम चांगला म्हणून त्याला रेंजवर नव्या पोरांना शिकवायला नेमलं होतं. रेंजवर माणसाच्या आकाराच्या हिरव्या पाट्या वर येतात, गोळी लागली की पडतात. एक नवीन मुलगी गोळी झाडेचना. समोर माणूस दिसतो म्हणाली. केतन तिच्या शेजारी आडवा झाला आणि म्हणाला, तो माणूस आहे असं समजूच नकोस, नुसता आकार बघ. तिने झाडली. पाटी पडली. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी चांगलं शिकवतो, सर. दॅट्स द प्रॉब्लेम. ती मुलगी बरोबर होती. मी तिला ते विसरायला शिकवलं."

त्यानंतर त्याने दीड वर्ष विचार केला आणि मग अर्ज दिला. वरच्यांना हे कारण पचायचं नाही, हे मला तेव्हाच कळलं. त्यांना रक्त लागतं. डोळ्यांदेखत मित्र गेला, चुकून एखादं मूल मारलं गेलं, असं काही असेल तर अर्ज त्यांच्या पटकन लक्षात येतो. याच्यासमोर तर एक पाटी पडली होती.

चॅप्लिन भला माणूस होता. उपाध्ये कुटुंब मूळचं सांगलीकडचं, जैन, हे त्याने विचारून घेतलं आणि केतनला सुचवलं, धर्माचं कारण दे, काम सोपं होईल.

"मी चिकन खातो, सर," केतन मला म्हणाला. "मंदिरात आई नेते म्हणून जातो. ते कारण दिलं तर खोटं होईल."

खोटं बोलून सुटता येत असताना जो बोलला नाही, त्याचा खरेपणा तपासायला मला बसवलं होतं. मला हसावं की चिडावं ते कळेना.

आता त्याच्या वडिलांविषयी. अनंतराव उपाध्ये, टेलिकॉममधले सीनियर इंजिनिअर. मुलाने कॉलेज सोडून आर्मी धरली तेव्हा ते आधी हादरले होते. पण एका दिवाळीला प्लेनोच्या मंडळात केतन युनिफॉर्ममध्ये स्टेजवर गेला, सगळा हॉल उभा राहिला, आणि अनंतरावांचं मत बदललं. गाडीच्या मागे 'आर्मी डॅड'चं स्टिकर आलं. पुढे अर्जाचं कळल्यावर त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. "मंडळात काय सांगू? पोरगा घाबरला म्हणून सांगू?" हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यावर जवळजवळ वर्ष गेलं.

सुनावणीच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून फोन केला. मी येतो, मी साक्ष देतो. केतनने आपल्या साक्षीदारांत त्यांचं नाव घातलं. "ही इज कमिंग, सर," असं त्याने मला दोनदा सांगितलं. त्याआधी एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

अनंतराव तीन तास ड्राइव्ह करून आले. सूट, टाय. कॉरिडॉरमध्ये मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"सोहोनी म्हणजे आपलेच की. कुठले तुम्ही?"

"नाशिकचा, काका. पण आत मी कुणाचाच नाही. जे विचारीन तेवढंच सांगा."

"डोन्ट वरी. मी सगळं क्लिअर करतो."

त्यांनी क्लिअर केलं. खोलीत एक टेबल, झेंडा आणि रेकॉर्डर. केतनची प्लाटून सार्जंट व्हिटेकर आधी बोलून गेली होती. तिला त्याचं म्हणणं पटत नव्हतं, पण तो ढोंग करत नाही हे तिने छातीठोकपणे सांगितलं. मग अनंतराव उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"माझा मुलगा भित्रा नाही, हे आधी रेकॉर्डवर घ्या," ते इंग्रजीत म्हणाले. आठवीत असताना बसमध्ये एका मुलाला त्रास देणाऱ्याचं केतनने नाक फोडलं होतं. शाळेत कुस्तीच्या टीममध्ये होता. लहानपणी रात्री एकटा बेसमेंटमध्ये जायचा. आणि मग, "या देशावर उद्या कुणी हल्ला केला, तर पहिली गन माझा मुलगा उचलेल. मी गॅरंटी देतो."

केतनने डोळे मिटले.

"मिस्टर उपाध्ये, असं तो तुम्हाला म्हणाला?"

"म्हणायला कशाला हवं? मी त्याचा बाप आहे."

"गेल्या वर्षभरात या विषयावर तुमचं त्याच्याशी बोलणं झालं?"

"नाही. पण मी त्याला ओळखतो."

हे दोन्ही प्रश्न मी मुद्दाम विचारले. काकांना मुलाच्या मनातलं काही ठाऊक नाही, हे रेकॉर्डवर यावं म्हणून. ते आलंही. बाहेर पडताना अनंतरावांनी केतनच्या पाठीवर थाप मारली. आपण मुलाची अब्रू वाचवली या समाधानात ते प्लेनोला परत गेले.

मी अहवाल लिहिला. अर्जदार खरा आहे, अर्ज मंजूर व्हावा. कर्नलने तो वाचला आणि चष्मा काढला.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"सर, नियमात बसतो तो."

"त्याच्या बापाला तसं वाटत नाही."

कर्नलने नामंजुरीची शिफारस जोडली. केतनला त्यावर लेखी उत्तर द्यायचा हक्क होता. त्याच्या वकिलाने सरळ मार्ग सांगितला. वडील वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते, माझे विचार त्यांना ठाऊक नाहीत, त्यांची साक्ष निरुपयोगी आहे, एवढं लिही. केतनने ते लिहिलं नाही. आपलं म्हणणं पुन्हा मांडलं आणि वडिलांबद्दल चकार शब्द काढला नाही. मेसमध्ये भेटला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाला, "बाबा ते वाचायला मागतील, सर. मला खोटं पाडायला ते आले नव्हते. त्यांनी तीन तास ड्राइव्ह केलं."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. अजून वाटतं.

काही महिन्यांनी निकाल आला. नामंजूर. अर्जदाराने स्वतः बोलावलेला, त्याला जन्मापासून ओळखणारा साक्षीदार म्हणतो की हा युद्धात शस्त्र उचलेल, तेव्हा सगळ्याच युद्धांना याचा विरोध आहे असं मानता येत नाही. व्हिटेकरची साक्ष, चॅप्लिनचं मत, मानसोपचारतज्ज्ञाचं मत, माझा अहवाल, हे सगळं होतं तिथेच राहिलं. माणसाच्या हक्कांबद्दल जगाला उठताबसता शिकवणाऱ्या देशाने एका बापाचं एक वाक्य उचललं आणि विषय मिटवला. यात कुणी नियम मोडला नाही, हे मी अहवाल लिहिणारा माणूस म्हणून सांगतो.

केतनचं युनिट परदेशी निघालं. जायला नकार दिला असता तर कोर्ट मार्शल आणि तुरुंग. आईने हात जोडले, तुरुंगात नको जाऊस. तो गेला. सार्जंट व्हिटेकरने त्याला पाण्याच्या टँकरवर घातलं. रायफल बाळगणं सगळ्यांना सक्तीचं. केतन ती खांद्याला लावायचा, पण तिच्यात गोळ्या भरायचा नाही. व्हिटेकर बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची.

पुढचं तिने मला सांगितलं. वाळवंटातला छोटा तळ. सकाळी नाश्ता झाला होता. केतन बाथरूमच्या टाकीत पाणी भरत होता. पंप धडधडत होता. त्या आवाजात त्याला सायरन ऐकू आला नाही. व्हिटेकरने बंकरमधून वायरलेसवर त्याच्या टँकरला, वॉटर टूला, पुकारलं.

"ड्रोन. सगळे बंकरमध्ये. वॉटर टू, बंकर."

उत्तर नाही.

"वॉटर टू, रिप्लाय."

व्हिटेकर बंकरमधून बाहेर धावली. ती टँकरपर्यंत पोचायच्या आधीच ड्रोन पडलं. जखमी फक्त ती झाली. केतन जागीच गेला.

इकडे टेक्सासच्या तळावर स्मरणाचा समारंभ झाला. केतनच्या आईने, काकूंनी, मला निरोप पाठवला, मराठी बोलणारं कुणीतरी शेजारी असू दे. मी काका-काकूंच्या मध्ये बसलो.

अशा समारंभाची एक पद्धत आहे. पुढे सैनिकाचे रिकामे बूट ठेवतात. बुटांमागे त्याची रायफल नळी खाली करून उभी करतात. तिच्या दस्त्यावर हेल्मेट, आणि खाली लोंबणारे नावाचे बिल्ले. समारंभाआधी अनंतराव त्या रायफलीपुढे बराच वेळ उभे होते.

"सोहोनी, ही गन इथे कशाला?"

"पद्धत आहे, काका. सगळ्यांना असंच करतात."

"काढायला सांगा. त्याला नको होती ती."

मी सार्जंट मेजरकडे गेलो. "सर, रायफल काढली तर हेल्मेट ठेवू कशावर?" तो म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. मग मी कर्नलकडे गेलो.

"कॅप्टन, आज नको."

मी परत येऊन काकांना सांगितलं. ते खुर्चीत जाऊन बसले. कर्नल भाषणाला उठला. स्पेशलिस्ट उपाध्ये शस्त्रासह स्वातंत्र्याचं रक्षण करताना धारातीर्थी पडला, असं तो म्हणाला. अर्जाचा उल्लेख नव्हता. मला त्या माणसाची किळस आली, आणि आपण घातलेल्या युनिफॉर्मचीही. काही महिन्यांनी मी तो उतरवला.

भाषणानंतर शेवटची हजेरी. फर्स्ट सार्जंट कंपनीतल्या दोघातिघांची नावं घेतो, ते हजेरी देतात. मग तो गेलेल्याचं नाव तीनदा पुकारतो. त्याला उत्तर येत नाही. सगळा समारंभ त्या शांततेसाठी असतो.

"स्पेशलिस्ट उपाध्ये."

काकूंनी माझा हात धरला.

"स्पेशलिस्ट केतन उपाध्ये."

कुणीतरी खोकलं.

"स्पेशलिस्ट केतन अनंत उपाध्ये."

अनंतराव उभे राहिले. फार मोठ्याने नाही, पण हॉलभर ऐकू जाईल असं, मराठीत बोलले.

"त्याने तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं."

फर्स्ट सार्जंट थबकला. बाप काही प्रार्थना म्हणतोय असं त्याला वाटलं असावं. त्याने मान खाली घातली. त्याचं बघून कर्नलने घातली, मग सगळ्या हॉलने. शब्द कळले ते काकूंना आणि मला. मग बाहेर सात जणांनी केतनच्या सन्मानार्थ तीन वेळा गोळ्या झाडल्या.