इंजिन गार होईपर्यंत

पौष महिना, मंगळवार, साल १९५२. कोपरी, ठाणे. दुपारचे तीन.

हजर: मी आणि माझा पिकप. सामान: नटबोल्टचे पाने, पाण्याचा डबा, घोंगडी, चार पोळ्या, वही. निरोप द्यायला कोणी नाही. हा रकाना भाद्रपदापासून, म्हणजे ही वारल्यापासून, रिकामाच आहे.

प्रवासाचे कारण सांगतो. रोज पहाटे कळव्याच्या गोठ्यांतून दूध गोळा करून मी ते सातच्या आत ठाण्यातल्या एका सूतिकागृहात पोचवतो. दिवाळीपासून, पहाटेचा गारवा सुरू झाल्यापासून, गाडी आचके देऊ लागली. सुरू झाली तर थरथरते, धूर ओकते, गिअर टाकला की बंद पडते. पंधरा मिनिटांनी तापली की शहाण्यासारखी धावते. मी प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, पेट्रोल गाळून घेतले. ठाण्यातल्या दोन मिस्त्र्यांकडे नेली, पण तिथे पोचेपर्यंत ती तापलेली. दोघेही म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे."

सूतिकागृहाच्या बाईंनी बजावले होते, "बाळंतिणी ताटकळतात हो. बुधवारी टांग्याने पाठवा, चालेल. गुरुवारी सातला दूध आलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." माझी वाट पाहणारे ठिकाण आता तेवढे एकच होते.

गाडी लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेली. तसल्या गाड्यांचा जाणकार कल्याण कँपात राहतो असे ऐकून निघालो. सकाळपासून उभी असल्याने कळव्याच्या पुलावर ती कण्हत होती. पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबून म्हणाली, "शेट, गारीला हिव भरलाय, गोदरी घाला!" बरोबरच्या बायका हसल्या. मीही हसलो, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

मुंब्र्याला डावीकडे खाडी, उजवीकडे डोंगर. पुढे शीळ गावाच्या बाजूला भात कापलेल्या शेतांत वाल हिरवेगार उभे होते. एका झाडाखाली बसून दोन पोळ्या खाल्ल्या. दोन तशाच उरल्या. चारच घ्यायची सवय अजून मोडलेली नाही.

कँप म्हणजे लष्कराच्या लांबच लांब बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथे गोणपाटाचे आडोसे करून राहतात. टेकचंद मिस्त्री साठीचे, हातभर दाढीचे. त्यांनी आधी पापड आणि पाणी पुढे केले (सिंध्यांत पाहुण्याचे स्वागत असेच होते). मी वहीतून दुखणे वाचू लागलो तसा त्यांनी हात वर केला.

"साईं (म्हणजे शेट), ही गाडी चलाख आहे. डॉक्टर दिसला की ताप उतरतो हिचा. आज बॉनेट उघडायचा नाही. रातभर इथे गार होऊ दे, सुबह बघू."

"मग मी?"

"तुम्ही पण इथेच. तुम्ही काय गरम राहणार आहात?"

त्यांच्या घरातल्या बायकांनी डाळ आणि जाड रोट वाढले. त्या आपसांत सिंधी बोलत. मला कळत नव्हते, तरी घरात माणसांचे आवाज ऐकून किती दिवस झाले होते ते कळले.

सकाळी गवतावर दव होते. स्टार्टर मारला, गाडी थरथरू लागली. टेकचंदांनी तेलाची बुधली घेतली आणि इंजिनाच्या अंगाला जिथे मॅनिफोल्डचा जाड नळ बसतो, त्या सांध्यावर थेंब थेंब तेल सोडत गेले. मागच्या टोकाशी तेल आत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर क्षणभर सरळ झाला.

"मिळाला चोर! इथलं पॅकिंग फाटलंय. इथून हवा आत घुसते. लोखंड तापून फुगलं की फट बंद."

दोन तास खोलाखोल केल्यावर त्यांनी फाटलेले पॅकिंग माझ्या हातावर ठेवले. कडेवर काजळीचा जाड थर होता.

"हे दोन महिन्यांचं नाही, साईं. दोन सालाचं आहे. मागच्या थंडीत गाडी कशी चालली?"

मी वही काढली. मागची सगळी थंडी: वेळेवर, वेळेवर, वेळेवर.

"रेडिएटर गळतो तुमचा. रोज सकाळी पाणी कोण भरत होतं?"

"घरातून."

"ठंडा की गरम?"

वहीत फक्त "पाणी: ती" एवढेच होते. मी आत चहा घेत असे. बाहेर बादली ओतल्याचा आवाज येई. आता मी नळाचे पाणी भरतो, त्याच बादलीने. त्या बादलीच्या कडीला अजून फडके गुंडाळलेले आहे. गार पाण्याच्या बादलीला फडके कशाला लागते?

"गरम," मी म्हणालो. "बंबातलं."

"म्हणजे स्टार्टर मारायच्या आधीच लोखंड कोमट," टेकचंद म्हणाले. नवे पॅकिंग कापून बसवले, बोल्ट आवळले. मग म्हणाले, "रेडिएटर पण झाळून देऊ? भोक बुजेल. तासाभराचं काम."

"पुढच्या खेपेला," मी म्हटले.

दुरुस्ती खरी की खोटी ते गाडी पुन्हा रातभर गार झाल्याशिवाय कळणार नव्हते. म्हणून संध्याकाळी तसाच परतलो. उरलेल्या पोळ्या मुंब्र्याजवळ एका गाईला घातल्या.

गुरुवार. पहाटे साडेचारला उठलो. रेडिएटर निम्मा रिकामा होता. गार पाण्याने भरला आणि स्टार्टर मारला. पहिल्याच दमात गाडी सुरू झाली, एकही आचका नाही. पावणेसातला दूध पोचले. बाई म्हणाल्या, "आज लवकर हो?" त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ होते. मी दुधाचे कॅन उतरवून दिले.

एवढ्याशा प्रवासात मी काय पाहिले असे कोणी विचारले तर खाडी, डोंगर, वालाची शेते हे सगळे सांगता येईल. जे पाहायला हवे होते ते मात्र माझ्या अंगणात रोज पहाटे घडत होते आणि मी भिंतीपलीकडे चहा पीत होतो.

घरी येऊन वही काढली. "पाणी: ती" याच्यापुढे "गरम" असे लिहिले. मग कामांची यादी घेतली. प्लग, कार्ब्युरेटर, पॅकिंग, सगळ्यांवर रेघ मारली. एक काम मुद्दाम ठेवले; ते झाले तर पहाटे ती बादली उचलावी लागणार नाही.

रेडिएटर झाळून घेणे: बाकी.